आबांची एस्पादा

आधीच सांगून टाकते – मी ह्या ग्रुपवर आहे ती निव्वळ मजा बघायला. पिंपळाखालची हिरव्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... असलं काही आलं की मी ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवते आणि आम्ही दोघं चहा पिता पिता हसतो. जुन्या मेंबर्सना माझ्या खवचट कमेंट्स आठवत असतील. त्यांनी आता खुशाल उट्टं काढावं, माझी तक्रार नाही.

आमचं घर बौद्ध. अंगारा, दृष्ट काढणं, दाराला लिंबू-मिरची, ह्यातलं काहीच आम्ही लहानपणी घरात पाहिलं नाही. माझ्या आजीला कोणी सांगितलं की अमक्या विहिरीवर अमावस्येला बाई दिसते, तर ती विचारायची, "पाणी भरती का नुसतीच हुबी ऱ्हाती?" अशा घरात भुतं टिकत नाहीत.

त्यात माझी नोकरी. चितेगावच्या एका कंपनीत आम्ही गाड्यांचे सायलेन्सर बनवतो आणि माझ्याकडे आवाज मोजायचं काम आहे. थोडक्यात, गाड्यांना गप्प करायचं. आवाज म्हणजे माझ्यासाठी स्क्रीनवरची रेघ. तो कुठून आला, किती आला, का आला – ह्याचं उत्तर मिळालं नाही असं मला नोकरीत कधी झालेलं नाही. म्हणूनच हे लिहायला बसले, आणि म्हणूनच ते लिहायला इतकं जड जातंय.

आबा म्हणजे माझे वडील. आमच्याकडेच राहतात, औरंगाबादला, गारखेड्यात. जन्मभर मोटार मिस्त्री. गॅरेजनं घर चालवलं आणि बदल्यात कान घेतले. आता त्यांना अजिबात ऐकू येत नाही. मशीन लावून पाहिलं, पण आतली नसच गेली आहे असं डॉक्टर म्हणाले. बोलतात मात्र खणखणीत, अख्ख्या गल्लीला कळेल असं. आमचे ओठ बघून त्यांना बरंचसं समजतं, नाहीच समजलं तर मी मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवते. इंजिन मात्र ते अजूनही तपासतात, तळहातानं. शेजारी कोणाची गाडी कुरकुरायला लागली की बोनेट उघडायला लावतात, हात ठेवतात, डोळे मिटतात... आणि दुखणं सांगतात.

तरुणपणी हे आबा एका गाडीचे मिस्त्री होते. पैठण रोडला, चितेगावच्याही पुढे, एका मोठ्या बागायतदारांचा मळा आहे. त्यांना सगळे मोठे मालक म्हणायचे. हे मोठे मालक एकदा दिल्लीला शेतीच्या प्रदर्शनात ट्रॅक्टर बघायला गेले आणि येताना मोटार घेऊन आले! कोणी परदेशी साहेब आपल्या देशी परत निघाला होता, त्याची. गंमत म्हणजे तिची कंपनीही मूळची ट्रॅक्टरचीच – इटलीची, बैलाचं चिन्ह असलेली. नाव लिहीत नाही, ओळखलं असेलच. पण पोरांच्या खोलीत पोस्टरवर असते ती गाडी डोळ्यांपुढे आणू नका. त्याच घरात इस्लेरो, उराको अशा काही न गाजलेल्या बहिणी होऊन गेल्या, त्यातलीच ही एस्पादा. लांबलचक, बसकी, चार माणसं ऐसपैस बसतील अशी. मागं डिकीच्या उभ्या पत्र्याच्या जागी चक्क काच. आणि पुढं बारा सिलिंडरचं इंजिन, सहा कार्बोरेटर, प्रत्येकाला दोन तोंडं. ते सगळे एका सुरात आणणं म्हणजे, आबांच्या भाषेत, "सहा जावांचा सैपाक एका चुलीवर."

त्या इंजिनला आबांशिवाय कोणी हात लावायचा नाही असा मालकांचा हुकूम होता. ट्रायलला निघाले की मालक त्यांना शेजारच्या सीटवर बसवायचे. चहा मात्र गोठ्याजवळ, वेगळ्या कपात. आबा ह्या दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगतात. दुसरी ऐकली की माझं डोकं फिरतं, त्यांचं नाही.

पुढे मोठे मालक वारले. एवढी अवघड गाडी चालवणार कोण? ती शेडमध्ये गेली आणि तिथंच राहिली. हे माझ्या जन्माच्या आधीचं. म्हणजे मी ती गाडी चालू असताना कधीही पाहिली नाही, ऐकली नाही.

ऐकलं ते आबांच्या तोंडून. मी लहान असताना रात्री जेवणं झाली की ते तोंडानं ती गाडी चालू करून दाखवायचे. "आदी मागं पंप टकटक करतो. मंग एका अंगाचे सहा जागे होत्यात. मंग दुसऱ्या अंगाचे सहा. अन् मंग..." आणि मग घशातून, छातीतून काय काय आवाज काढायचे, खोकला लागायचा, आई ओरडायची. शेवटी हात झटकून म्हणायचे, "नाय, तोंडानं नाय जमत. सुजे, एक डाव तुला ऐकवीन." गल्लीत त्यांचं नावच 'बारा सिलिंडर' पडलं होतं. बारा सिलिंडरची गाडी आपल्या औरंगाबादेत? असं म्हणून लोक हसायचे. खरं सांगू, कॉलेजात गेल्यावर मलाही वाटायला लागलं होतं की आबा थोडी फोडणी देऊन सांगतात.

गेल्या हिवाळ्यात रणजितरावांचा फोन आला. हे मोठ्या मालकांचे नातू, पुण्याला असतात. म्हणाले, "ताई, गाडी मुंबईच्या एका हौशी माणसाला दिली. पुढच्या आठवड्यात कंटेनर येतोय. मिस्त्रीबाबांना एकदा बघायची असली तर घेऊन या."

आबांना लिहून दाखवलं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि उठून कपाट उघडलं. इस्त्रीचा सदरा शोधायला लागले. "चालू करू तिला," म्हणाले. "लई वर्सं झाली सांगतोय, आता तुला ऐकवतो." त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मी 'आबा, एवढ्या वर्षांनी ती कशी चालू होईल' हे लिहिलेलं वाक्य न दाखवताच पुसून टाकलं.

सोबत सलीमभाईंना घेतलं. आबांच्या हाताखाली शिकलेले, आता गारखेड्यातच स्वतःचं गॅरेज आहे. त्यांनी आमच्या डिकीत नवी बॅटरी आणि पेट्रोलचा कॅन टाकला. रविवार होता, सकाळचं कोवळं ऊन. पैठण रोडची मोठाली झाडं रुंदीकरणात गेली, त्यामुळे आबा सारखे विचारत होते, "कुठं आलो? इथं वड होता की." मळ्यावर पोचलो तेव्हा रणजितराव शेडचं दार उघडून उभे होते.

पत्र्याचं शेड, वर कबुतरं. आत ती. मी गाड्यांच्या धंद्यात आहे, पण पायच थांबले माझे. धुळीखाली फिकट सोनेरी रंग, आणि एवढी लांब की शेड तिला अपुरं पडत होतं. आबांनी पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून हळूहळू तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागच्या काचेपाशी थोडं थांबले, परत पुढं आले. मग सलीमभाईंनी बोनेट उघडलं.

आबांनी विचारलं, "हिला अधनंमधनं कोनी फिरवली का?"

रणजितराव म्हणाले, "फिरवली नाही, पण आम्ही तिची आबाळ केली नाही. दर दसऱ्याला पूजा! एक वर्ष चुकलं नाही. बोनेट उघडून, वरची झाकणं काढून, पैठणहून आणलेलं गोदावरीचं पाणी बाराही तोंडांत थोडं थोडं... आजोबांची गाडी, तिला गंगेची अंघोळ नको का?"

हे मी मोबाईलवर लिहून आबांना दाखवलं. आबांनी वाचलं. रणजितरावांकडे पाहिलं. रणजितरावांच्या चेहऱ्यावर इतका निष्पाप अभिमान होता की बस्स. वर्षानुवर्षं, भक्तिभावानं, कार्बोरेटरच्या तोंडातून इंजिनच्या पोटात पाणी! आबा हसायला लागले. पोट धरून हसले. सलीमभाईही हसले, मीही. मग आबांचं हसू हळूहळू ओसरलं आणि ते तसेच इंजिनकडे बघत राहिले.

सलीमभाईंनी सगळे स्पार्क प्लग काढले आणि बाराच्या बारा एका फडक्यावर ओळीनं मांडले. भोकांतून तांबूस चिखल आला. इंजिन हातानं फिरतंय का बघायला पुढच्या नटाला पाना लावला, पान्याला पाईपचा तुकडा जोडला आणि सगळा जोर लावला. जराही हललं नाही. पुन्हा लावला. मग ते आबांना ओठ दिसतील असे समोर येऊन उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "चाचा, नक्को. पत्थर हो गया ये. अंदर पिस्टन चिपक गये पूरे."

बॅटरी आमच्या डिकीतच होती. पेट्रोलचा कॅन उघडलासुद्धा नव्हता. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तुम्ही विचारणार. रणजितराव कंटेनरवाल्याचा फोन आला म्हणून बाहेर गेले होते. माझ्या मोबाईलवर आल्यापासून रेकॉर्डिंग चालू होतं – गाडी चालू झालीच तर आवाज हातचा जायला नको म्हणून.

आबा पुढे झाले. दोन्ही तळहात इंजिनवर ठेवले आणि डोळे मिटले. "सुजे," म्हणाले, "नाय जमलं गं. नाय ऐकवता आली तुला."

मला रडूच आलं. वडिलांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. जन्मभर दिलेला शब्द हातातून निसटताना बघत होता तो माणूस, आणि मी शेजारी उभी राहून काहीच करू शकत नव्हते.

आणि मग... टक टक टक टक.

मागून कुठूनतरी. बारीक, घाईघाईचं. मला वाटलं पत्र्यावर कबुतर. मग एक खोल गुरगुर उठली, अडखळली, परत उठली – आणि मला, कसं ते विचारू नका, अगदी स्पष्ट कळलं की हे अर्धे आहेत. अजून अर्धे यायचेत. पुढच्याच क्षणी ते आले. अख्खं शेड त्या आवाजानं भरून गेलं. सलीमभाईंच्या हातातला पाना खाली पडला, कबुतरं फडफडत बाहेर गेली. आणि माझ्यासमोर ते इंजिन जसंच्या तसं होतं. पट्टा स्थिर. बारा प्लग फडक्यावर. बोनेटवरच्या धुळीचा कणही हलत नव्हता. एवढ्या आवाजाला वरचा पत्रा थरथरायलाच हवा होता... तोही गप्प.

आवाज कुठून येतोय हे शोधणं हे माझं रोजचं काम आहे. मी मान वळवली, दोन पावलं सरकले. त्याला दिशाच नव्हती. तो सगळीकडे सारखा होता.

भीती? नाही हो. अजिबात नाही. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. ज्या आवाजांना दाबायचा मी पगार घेते, त्यातला एक असा पुढ्यात येऊन उभा राहिला आणि मला हात जोडावेसे वाटले. आबांची फोडणी वगैरे काही नव्हती. उलट त्यांनी कमीच सांगितलं होतं. आधी चढला, मग हळूहळू खाली येत एका संथ लयीत स्थिरावला, आणि त्या लयीखालून एक बारीक शीळ यायला लागली. अगदी बारीक, कोणी काम करता करता स्वतःशीच घालावी तशी. थोडा वेळ ती शीळ ऐकू आली. मग सगळं थांबलं.

रणजितराव धावत दारात आले. "चालू झाली? चालू झाली का? अन् शिट्टी कोण मारत होतं?"

सलीमभाई भिंतीला टेकून "या अल्ला, या अल्ला" एवढंच पुटपुटत होते. आणि आबा... आबा अजूनही इंजिनवर हात ठेवून, डोळे मिटून उभे होते. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

डोळे उघडल्यावर त्यांनी आमचे चेहरे पाहिले. "काय झालं?"

मी नुसते ओठ हलवले. "वाजली. आबा, ती वाजली."

त्यांनी इंजिनवरून हात फिरवला. परत फिरवला. "थंडगार हाये," म्हणाले. "जरा बी हालली नाय. माझा हात होता की इथं." मग त्यांचा चेहरा एकदम कठोर झाला. "सुजे, म्हाताऱ्याचं मन राखाया खोटं बोलू नको. नाय झाली चालू तर नाय झाली. आपल्या घरात खोटं चालत नाय."

सलीमभाई पुढे येऊन शपथा घ्यायला लागले, रणजितराव होकारार्थी मान हलवत होते, पण आबा कोणाकडे बघेनात. पाठ फिरवून निघाले. ते असेच गाडीत जाऊन बसले असते तर मी जन्मभर त्यांना हे पटवू शकले नसते. मी त्यांना दंडाला धरून थांबवलं. त्यांचा हात घेतला आणि माझ्या गळ्यावर ठेवला, जसा ते इंजिनवर ठेवतात तसा. दुसऱ्या हातानं त्यांच्या मनगटावर नखानं वाजवलं – टक टक टक टक. मग घशातून ते अर्धे काढले. मग बाकीचे. आबा बघत होते, पण चेहरा तसाच. बरोबरच होतं, एवढं तर त्यांनीच मला शिकवलं होतं. मी आवाज खाली आणला, संथ केला, आणि शेवटी ओठांचा चंबू करून शीळ घातली.

आबांचा हात माझ्या गळ्यावरून गळूनच पडला.

"ही... ही कोनी सांगितली तुला?"

मी मान हलवली. कोणी नाही.

ते गाडीचं दार उघडून खालच्या पायरीसारख्या पत्र्यावरच बसले. मग म्हणाले, "कार्बोरेटरचा एक बूश, दांडी बसती ती बारकी नळी, झिजला होता. इटलीहून कुठून आनायचा? मी स्टोव्हच्या पंपाच्या पितळी दांडीचा केला, कानशीनं घासून. जरासा ढिला झाला. तिथनं हवा खायची अन् इंजिन हळू झालं की शीळ घालायची. मालकाला वाटायचं इटलीवालीच हाये, पाव्हण्यांना कौतुकानं ऐकवायचे!" ते हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. "मी कुनाला नाय बोललो. तुझ्या आईला बी नाय. तुला तोंडानं करून दाखवायचो तवा ती गाळूनच टाकायचो. ती शीळ माझी हाये, सुजे. ती गाडीची नाय."

मला काय वाटलं ते सांगते. राग आला. त्या आवाजाचाच राग. सलीमभाईंनी ऐकला, बाहेर फोनवर असलेल्या रणजितरावांनी ऐकला, मी ऐकला. आणि ज्यानं त्या इंजिनला तरुणपण दिलं, त्याच्या हाताला साधी थरथरसुद्धा लागू नये? मी तसं मोबाईलवर लिहिलं, चुका करत करत – तुम्हालाच कसा नाही आला आवाज?

आबांनी वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी अजून शाळेतच आहे. "मी तर ऐकलेलीच हाये की, येडे. ऱ्हायलं होतं तुझं."

आता तुम्ही विचारायच्या आधी मीच सगळं सांगते. रेकॉर्डिंग मी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर घालून पाहिलं. त्यात पाना पडल्याचा आवाज आहे. कबुतरं आहेत. सलीमभाईंचं "या अल्ला" आहे. "शिट्टी कोण मारत होतं?" हे रणजितरावांचं वाक्य लख्ख आहे. मध्ये जिथं ते बारा सिलिंडर असायला हवेत तिथं रेघ सपाट. रस्त्यावरची एसटी म्हणाल तर रस्ता तिथून बराच लांब आहे. तिघांना मिळून भास झाला म्हणाल तर टकटक आणि गुरगुर मी मान्य करीन, ती माझ्या डोक्यात लहानपणापासून होती. पण शीळ? ती तर आबांशिवाय कोणाच्याच डोक्यात नव्हती. सलीमभाई आबांकडे शिकायला आले तेच गाडी शेडमध्ये गेल्यावर. रणजितरावांना मी नंतर खोदून खोदून विचारलं. त्यांच्या घरात आता तो आवाज ऐकलेलं कोणी उरलेलं नाही.

गाडी ठरल्याप्रमाणे कंटेनरमध्ये चढली आणि गेली. तिकडच्या लोकांनी इंजिन उघडल्यावर रणजितरावांना कळवलं की सगळे पिस्टन गंजून जाम आहेत, हे कित्येक वर्षांत फिरलेलं नाही. एका कार्बोरेटरमध्ये हातानं केलेला एक पितळी बूश सापडला, तो काढून टाकायचा का असंही विचारलं. मी आबांना दाखवलं. ते म्हणाले, "काढा की. आता काय काम त्याचं."

ह्याच ग्रुपवर मी लोकांना 'पुरावा द्या' म्हणून सोलून काढलंय, आणि आज माझ्या हातात फक्त एक सपाट रेघ आहे. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी खरंच वाचीन.

एक बदल तेवढा झालाय. गेल्या रविवारी गल्लीतल्या कोणीतरी नेहमीसारखी चेष्टा केली, "काय बारा सिलिंडर, कशी वाजायची तुमची गाडी?" एरवी आबा लगेच छाती भरून सुरू व्हायचे. ह्या वेळी त्यांनी खुर्चीतूनच माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिला इचारा," म्हणाले. "हिनं ऐकलीय."